स्टीरिओ, कॅमेरा बसवा. पण वायरी ओळखून

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या अनेक गाड्यांत मागे खेळणारे मूल चालकाला दिसतही नाही. अशा गाडीत पडद्याचा स्टीरिओ आणि कॅमेरा घरच्या घरी बसवता येतो. कौशल्य लागते ते वायरी ओळखण्याचे.

स्टीरिओची पिवळी वायर बॅटरीकडून अखंड १२ व्होल्ट घेते, लाल वायरीला चावी फिरवल्यावरच वीज मिळते, तर काळी अर्थिंगची असते. पिवळी व लाल यांची अदलाबदल झाली, तर चावी काढताच जुळवलेली स्टेशने पुसली जातात. दोन्ही अखंड विजेवर जोडल्यास बॅटरी उतरू शकते. गाडीकडील वायरींचे रंग वेगळे असू शकतात. म्हणून आधी मल्टिमीटरने खात्री करावी, मगच बॅटरीचे ऋण टोक सोडवून जोडणी करावी. मूळ वायरी न कापता त्या मॉडेलचा कपलर वापरावा.

कॅमेऱ्याला वीज रिव्हर्स दिव्याच्या वायरीतून द्यावी. तीच जोडणी स्टीरिओच्या रिव्हर्स वायरीला दिली, की गिअर टाकताच पडद्यावर मागचे दृश्य उमटते. फ्यूज उडाल्यास जास्त अँपिअरचा बसवू नये. वायर तापून आग लागू शकते. रुंद भिंगातून वस्तू असते त्याहून दूर भासते. त्यामुळे कॅमेरा आला, तरी आरशांना रजा देऊ नये.