रात्रीच्या गारव्यात खुडलेली ‘वेर्देहो’

स्पेनची वाइन म्हटली की प्रथम रिओहाची लाल वाइन आठवते. मात्र उन्हाळ्यात खुद्द स्पेनमध्ये आवडीने मागवली जाते ती रुएदाची पांढरी कोरडी वाइन. वायादोलिद शहराच्या नैऋत्येला, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० ते ८०० मीटर उंचीवरील गोटाळ जमिनीत ‘वेर्देहो’ द्राक्षाचे मळे आहेत. तेथे दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा असतो. उन्हाने फळात साखर भरते, तर गारठ्याने आंबटपणा टिकतो. या वाइनचा तजेला त्या आंबटपणातच आहे.

या द्राक्षाचा एक दोष आहे. रसाला हवा लागली की तो लवकर तपकिरी पडतो आणि ताजा गंध हरपतो. म्हणूनच पूर्वी येथे शेरीच्या धर्तीची मुरवलेली वाइन होत असे. फायलोक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त केल्यावर भरघोस पिकणाऱ्या पालोमिनोची लागवड वाढली आणि वेर्देहो मागे पडले. १९७० च्या दशकात मार्केस दे रिस्काल या रिओहातील कंपनीने येथे ताजी पांढरी वाइन बनवण्यास सुरुवात केली आणि चित्र पालटले. १९८० मध्ये रुएदाला उगमस्थानाचे मानांकन मिळाले. आता बरीचशी तोडणी रात्री होते आणि रस पोलादी टाक्यांत थंड ठेवून आंबवला जातो.

लिंबू, बडीशेप आणि ताज्या गवताचा गंध, शेवटी जिभेवर किंचित कडवटपणा ही तिची ओळख. आठ ते दहा अंशांवर, तळलेल्या मासळीसोबत ती खुलते. साधी बाटली मात्र साठवू नये. दोन वर्षांच्या आत संपवावी. जो ताजेपणा राखण्यासाठी मजूर रात्र जागवतात, तो कपाटात घालवण्यात काय हशील?