मलकापूरच्या उन्हात फोमची मधपेटी

आज आपण फोमच्या मधपेटीबद्दल बोलणार आहोत. फोम म्हणजे आपलं थर्माकोलच, फक्त पॅकिंगच्या थर्माकोलपेक्षा बरंच घट्ट. फिनलंड, जर्मनीसारख्या थंड देशांत या पेट्या वर्षानुवर्षं वापरात आहेत. मग मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या मलकापुरात त्यांचा काय उपयोग?

आधी माश्यांचं काम पाहू. अंडी-अळ्या असतात तिथे त्यांना ३४ ते ३५ अंश तापमान राखावं लागतं. उष्णता वाढली की कामकरी माश्या पाणी आणतात, पोळ्यावर पसरवतात आणि पंखांनी वारा घालतात. हा आपला कूलरच की! पेटी जितकी तापेल तितक्या जास्त माश्या पाण्यावर आणि तितक्या कमी फुलांवर. पाणी कमी पडलं तर मेण मऊ होऊन पोळी ढासळतात. सातेरी माश्या तर पेटी सोडून सरळ निघून जातात.

फोममधून उष्णता लाकडापेक्षा साधारण तिपटी-चौपटीने हळू आत येते. म्हणजे कूलरवरचा भार हलका होतो. पण फोम स्वतः गारवा देत नाही, हे लक्षात ठेवा. खिडक्या लावून कूलर चालवला तर खोलीत नुसता दमट उकाडा होतो, पेटीचंही तेच. म्हणून दार पूर्ण उघडं, हवा खेळायला जागा, जवळ पाणी आणि वर सावली हवीच.

हलकेपणाचाही फायदा आहे. आपल्या जिल्ह्यात कांद्याच्या बीजोत्पादनाला परागीकरण लागतं, तिथे पेट्या उचलून नेणं सोपं जातं. मात्र वादळी वाऱ्यात हलकी पेटी उलटते, तेव्हा पट्ट्याने बांधा.

तोटेही ऐका. मुंग्या आणि मेणकिडे फोम पोखरतात. ऑईल पेंटमधल्या थिनरने तो विरघळतो, म्हणून बाहेरून पाण्यात मिसळणारा रंगच द्यावा. रोग आला तर लाकडी पेटी आतून ज्योतीने शेकता येते, फोमची नाही.

मग लाकडी पेट्या टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. ऊन सर्वांत जास्त झाकणावर पडतं. आधी लाकडी झाकणाखाली घट्ट फोमचा तुकडा बसवा, माश्या कुरतडणार नाहीत असा झाकून. एक उन्हाळा दोन्ही प्रकारच्या पेट्या शेजारी ठेवून पाहा, आणि मगच पैसे घाला.