मोटर गॅरेजात की मुठीत?

टोरांटोजवळ मिसिसागाला मामेबहिणीकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा तिने स्वयंपाकघरात एक गंमत दाखवली. केरसुणीने केर लोटत ती ओट्याखालच्या कपाटापाशी आली आणि अगदी तळाच्या फळीतली एक पट्टी तिने पायाच्या अंगठ्याने ढकलली. फट उघडली, भिंतीत घुर्र झालं आणि केर गडप! वाकणं नाही, केरभरणी नाही.

"ताई, गेला कुठे?"

"गॅरेजात. चल, दाखवते."

गॅरेजच्या भिंतीवर पाण्याच्या पिंपाएवढं एक यंत्र टांगलेलं होतं. घरभर भिंतींच्या आतून फिरलेले पाइप तिथे येऊन मिळत होते. हा सेंट्रल व्हॅक्यूम. आणि तिच्याच जिन्याखाली, चार्जरला अडकवलेला, एक सडपातळ कॉर्डलेस व्हॅक्यूमही होता. एका घरात दोन कशाला, हा प्रश्न मी परतीच्या विमानातही चघळत होते. दोन्हींचे गुण आणि दोन्हींची दुखणी एकाच गोष्टीतून येतात: मोटर कुठे ठेवली आहे. हा प्रश्न व्हॅक्यूम क्लीनरइतकाच जुना आहे.

आधी मोटर रस्त्यावर होती

१९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असं त्याला वाटलं. मग एका रेस्टॉरंटमध्ये त्याने मखमली खुर्चीच्या पाठीला तोंड लावून जोरात श्वास ओढला. ठसका लागून जीव कासावीस झाला, पण कल्पना खरी ठरली!

त्याचं यंत्र इतकं अगडबंब होतं की ते घरात शिरणंच शक्य नव्हतं. घोडागाडीवर पेट्रोलचं इंजिन दारासमोर उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत जायच्या. लोक त्याला 'पफिंग बिली' म्हणू लागले. हौशी बायका हे पाहायला मैत्रिणींना चहाला बोलवायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे गालिचे याच यंत्राने साफ झाले. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुक्कामाला असलेल्या नौदलाच्या जवानांत साथ पसरली, तेव्हा बूथची यंत्रं तिथे लावली गेली आणि २६ टन धूळ निघाली. हा आकडा वाचल्यापासून मी माझ्या सोफ्याकडे वेगळ्या नजरेने बघते.

मग ती इमारतीत शिरली

त्याच १९०२ साली अमेरिकेत, पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये, डेव्हिड केनी याने वाफेवर चालणारं सुमारे १,८०० किलोंचं यंत्र एका जागी पक्कं बसवलं आणि तिथून इमारतभर पाइप नेले. माझ्या बहिणीच्या गॅरेजातल्या पिंपाचा हा खापरपणजोबा. म्हणजे सेंट्रल व्हॅक्यूम ही काही नव्या जमान्याची चैन नव्हे. घरोघरी ढकलत नेता येणारा विजेचा व्हॅक्यूम त्याच्या नंतर आला!

उशीच्या अभ्र्याची करामत

हा ढकलता येणारा व्हॅक्यूम आणला दम्याने बेजार झालेल्या एका सफाई कामगाराने. ओहायोतल्या कँटन गावी जेम्स स्पँगलर एका दुकानात झाडलोट करायचा आणि उडणाऱ्या धुळीने खोकून हैराण व्हायचा. १९०७ मध्ये त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरतं यंत्र बनवलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं आणि ते विल्यम हूव्हरने विकत घेतलं. हूव्हरचा मूळ धंदा घोड्यांच्या चामडी सामानाचा. पुढे इंग्लंडमध्ये व्हॅक्यूम मारणं या क्रियेलाच 'हूव्हर करणं' म्हणू लागले. स्पँगलरचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं, याची मला खरोखर खंत वाटते.

भिंतीतली हुशारी

सेंट्रल व्हॅक्यूमच्या घरात दर दोन-तीन खोल्यांमागे भिंतीत झाकणाचं एक तोंड असतं. त्यात साधारण ९ मीटरची नळी खोचायची, दांड्यावरचं बटण दाबायचं, की गॅरेजातली मोटर सुरू. हा इशारा पोचवणारी तार अवघ्या २४ व्होल्टची असते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुंबण्याचा विचार. हातातली नळी सव्वा इंचाच्या आसपासची, भिंतीतला पाइप दोन इंचांचा. नळीतून गेलं ते पाइपातून जाणारच. शिवाय भिंतीतल्या तोंडामागेच मुद्दाम एक आखूड, काटकोनी वळण देतात. पेन्सिल किंवा हेअरपिन अडकायचीच तर तिथे, हाताशी अडकावी. भिंतीच्या पोटात नव्हे. ज्याने हे ठरवलं त्याच्या घरात लहान मुलं असणार!

मोटर दूर असल्यामुळे बैठकीत बोलणी चालू ठेवून खोली साफ करता येते. मोटरमधून निघणारी हवा बहुतेक ठिकाणी थेट घराबाहेर सोडतात, त्यामुळे सगळ्यात बारीक धूळ फिरून नाकात येत नाही. कॉर्डलेसला मात्र हवा खोलीतच सोडावी लागते, म्हणून त्याचं सगळं इमान फिल्टरवर. हेपा फिल्टरची कसोटी कडक आहे: ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. या जातीच्या फिल्टरचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अणुबॉम्बच्या प्रकल्पात आहे. किरणोत्सारी कण अडवायला जे शोधलं, ते आज सतरंजीची धूळ अडवतं.

चंद्रावरून पलंगाखाली

कॉर्डलेसची गोष्ट चंद्रापर्यंत जाते. अपोलो मोहिमांसाठी ब्लॅक अँड डेकर कंपनीने बॅटरीवरच्या ड्रिलवर काम केलं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी तशा ड्रिलने चंद्राच्या मातीत दोन मीटरहून खोल भोक पाडून नमुने काढले. थोड्या बॅटरीत जास्त काम कसं काढायचं, हे त्या खटाटोपात शिकलेलं ज्ञान कंपनीने १९७९ मध्ये 'डस्टबस्टर' या हातातल्या व्हॅक्यूममध्ये उतरवलं. बिनवायरचं अवजार नासाने शोधलं, असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. याच कंपनीचं बिनवायरचं ड्रिल १९६१ मध्येच बाजारात होतं.

आणि गंमत अशी की डस्टबस्टर चंद्रावर नेला तर काडीचा उपयोग नाही! व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं काम बाहेरची हवा करते. पंखा आतली हवा फेकून देतो, आत दाब घटतो, आणि खोलीतली हवा धुळीला घेऊन आत घुसते. चंद्रावर घुसायला हवाच नाही. अंतराळ स्थानकात हवा आहे, म्हणून तिथे व्हॅक्यूम चालतो. तिथे धूळ खाली बसत नाही, तरंगत हवेच्या जाळ्यांवर जाऊन चिकटते, आणि अंतराळवीर शनिवारी ती साफ करतात. सुट्टीच्या दिवशीची साफसफाई वरही चुकलेली नाही.

चार मिनिटांचं गणित

मोटर मुठीत आणायची तर ती चिमुकली हवी, आणि चिमुकल्या पंख्याने जोर लावायचा तर तो भन्नाट फिरायला हवा. २०१८ च्या डायसन व्ही१० ची मोटर मिनिटाला १,२५,००० फेरे घेते. फॉर्म्युला वनच्या इंजिनाला १५,००० ची मर्यादा आहे! हे जेम्स डायसन म्हणजे लाकडाच्या वखारीतला भुसा वेगळा करणारा चक्रीवादळी शंकू पाहून व्हॅक्यूमचे ५,१२७ नमुने करणारे गृहस्थ. २०१८ मध्येच त्यांनी वायरवाले व्हॅक्यूम विकसित करणं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

पण बॅटरी ती बॅटरीच. तिच्यात शंभर वॅट-तास वीज धरा. गॅरेजातली १,५०० वॅटची मोटर त्यावर चालवली तर चार मिनिटांत खेळ खलास. म्हणून कॉर्डलेस मंद चालीवर तासभर टिकतो, पूर्ण जोर लावला की दहाएक मिनिटांत मान टाकतो. शिवाय काही वर्षांत बॅटरी थकते. गॅरेजातलं पिंप मात्र पंधरा-वीस वर्षं सहज काढतं. खरेदीच्या वेळी 'साठ मिनिटं' वाचून हरखून जाऊ नका. कोणत्या चालीवर आणि कोणता ब्रश लावून, हे विचारा. जाड गालिच्यात नुसत्या ओढीपेक्षा फिरत्या ब्रशची झटकणी जास्त कामाची. सेंट्रललाही तिथे विजेचा ब्रश वेगळा जोडावा लागतो.

आपल्याकडे भिंतीच वेगळ्या

कॅनडा-अमेरिकेतल्या घरांच्या भिंती लाकडी सांगाड्याच्या, आतून पोकळ. पाइप सहज सरकतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये विटा, काँक्रीट आणि वर-खाली शेजारी. पाइप नेण्यासाठी भिंती फोडाव्या लागतील आणि पिंप ठेवायला तळघर नाही. जमिनीही फरशीच्या, गालिच्याच्या नव्हेत. त्यामुळे फ्लॅटवाल्यांनी सेंट्रलचा विचारच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रोजच्या केसांना आणि खाऊच्या चुऱ्याला कॉर्डलेस झकास. दिवाळीआधी गाद्या-सोफे साफ करायला मात्र वायरवालाच बरा. हेच यंत्र १९८२ पासून युरेका फोर्ब्सचे विक्रेते दारोदार नेत होते, आणि त्यांनी आपल्याच गादीतून काढलेली धूळ पाहून आपण ओशाळायचो. पण कुणी स्वतःचा बंगला बांधत असेल आणि घरात दम्याचं माणूस असेल, तर प्लास्टरच्या आधी पाइप टाकून घ्या. प्लास्टरनंतर तेच काम कितीतरी महागात पडेल.

बहिणीला शेवटी विचारलंच, दोन्ही कशाला? ती म्हणाली, "अगं, शनिवारी सगळं घर त्या मोठ्याने. रोज मुलांनी सांडलेले पोहे या छोट्याने."

"आणि केरसुणी?"

ती मिसिसागातल्या भारतीय दुकानातून आणलेली आहे. वर्षभर ती त्या फटीपर्यंत केर नेते, आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू तिलाच लागतं.