परातींतील पाणी

शेतकरी बंधूंस हें निराळें सांगावयास नको कीं, विहीर ज्याची त्याची असली तरी तिच्या तळाचें पाणी साऱ्या गांवाचें असतें. महसूल खात्यांत कारकुनी करितांना मीं विहिरींच्या नोंदी पुष्कळ उतरविल्या. सातबाऱ्यावर विहीर दिसते, पीकही दिसतें. परंतु जमिनीच्या पोटांत शिल्लक किती, हें त्यावर दिसत नाहीं. एप्रिल 2016 मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तेव्हां ती शिल्लक सर्वांस एकदम कळली.

ती आधींच कळावी म्हणून आंध्र प्रदेशांत एक युक्ति करून पाहण्यांत आली. फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी ही संस्था व वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था यांनीं शेतकऱ्यांचे पांच-पांचांचे गट करून त्यांस एक खेळ दिला. प्रथम न बोलतां, मग आपसांत बोलून.

त्याचें मर्म आपल्या घरच्या परातींत पाहतां येईल. समजा, परातींत तुरीचे 50 दाणे आहेत, हें भूजल. दर वर्षीं पाऊस 5 दाण्यांची भर घालतो. हलक्या पिकास 1 दाणा लागतो, मिळकत बेताची. तहानलेल्या पिकास 3 लागतात, मिळकत मोठी. पांचही जण मोठ्या मिळकतीमागें लागले तर वर्षास 15 जातात व 5 येतात. चार वर्षें सारे खुशाल. पांचव्या वर्षीं परातींत 10 च दाणे, आणि दोघांचें पीक वाळतें. सर्वांनीं हलकें पीक घेतलें तर 50 चे 50 कायम. येथें लबाड कोणीच नाहीं. प्रत्येकानें आपल्यापुरता हिशेब बरोबरच केलेला असतो.

ज्या गांवीं हा खेळ झाला तेथें, न झालेल्या गांवांच्या मानानें, पाण्याची नोंदवही व उपशाचे नियम अधिक प्रमाणांत झाल्याचें 2018 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळलें. आपल्याकडे हिवरे बाजारनें खेळावांचूनही पाण्याचा जमाखर्च मांडून ऊस व केळी वर्ज्य केलीं.

खेळांत हरलेला हंसत उठतो. शेतांत हरलेल्यास कर्ज फेडावें लागतें. म्हणून खोल बोअरवाल्यास प्रथम परातीशीं बसवावें, आणि खेळ संपतांच नोंदवही उघडावी. माहूर परिसरांतील बंधूंनीं दसऱ्यानंतर, रब्बीचें बीं आणण्यापूर्वीं, एक सायंकाळ याकामीं द्यावी, ही विनंति. खर्च मूठभर तुरीचा.