*‘नॅनो सिल्व्हर’ची बाटली घेण्याआधी एवढं वाचा*



डाळिंबाच्या तेल्यासाठी, टोमॅटोच्या करप्यासाठी नॅनो सिल्व्हर घ्या म्हणून काही विक्रेते बांधावर येतायत. “जिवाणूंनी बनवलेलं आहे, म्हणजे जैविकच की!” असं सांगतात. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच नीट समजून घेऊ.

जिवाणू चांदीचे कण बनवतात, हे पक्कं. चांदीच्या खाणीत सापडलेला *स्युडोमोनास स्टुट्झेरी* हा जिवाणू विरघळलेली चांदी घेऊन आपल्या पेशीच्या आवरणात तिचे घट्ट स्फटिक करून ठेवतो, हे स्वीडनच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. स्फटिक २०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे एका मिलिमीटरचे पाच हजार भाग केले तर त्यातला एक. आपण ड्रेंचिंगला वापरतो तो स्युडोमोनास फ्लुरोसन्स याच्याच भावकीतला.

पुढे २००३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी बुरशीकडून हेच काम करून घेतलं. बुरशी कुठली? *फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम*. हरभऱ्याला मर लावणारी बुरशी याच जातीची! तिनं ५ ते १५ नॅनोमीटरचे कण पेशीच्या बाहेरच, पाण्यात तयार केले. त्यामुळे पेशी फोडायची गरज नाही, गाळून घेतलं की झालं.

कण तयार झाले की फिकट पाणी तपकिरी होतं. विक्रेते हाच रंग दाखवतात. पण रंगावरून कण झाले एवढंच कळतं. पिकाला किती मात्रा चालेल, पान करपेल का, हे रंग सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा. चांदी जिवाणूंना मारते, म्हणून तर ती जखमेच्या मलमात असते. पण तिला आपला-परका कळत नाही. तेल्याचा जिवाणू मारणारी चांदी तुमचं रायझोबियम, पीएसबी, स्युडोमोनास यांनाही सोडणार नाही, ट्रायकोडर्मालाही धोका आहेच. बनवणारा जिवाणू असला तरी बाटलीत आहे तो धातू. तो कुजून संपत नाही, जमिनीतच राहतो.

म्हणून:
👉 जिवाणू खतं किंवा ट्रायकोडर्मासोबत एका टाकीत *अजिबात मिसळू नका.* बीजप्रक्रियेतही नको.
👉 रोगावर म्हणून विकत असतील तर लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि *तुमच्या पिकाचं नाव* बघा. नसेल तर घेऊ नका. नुसतं ‘नॅनो’ लिहिलेलं पुरत नाही.
👉 पक्कं बिल मागा. बिल द्यायला कां-कूं केली तर समजून जा.
👉 व्हिडिओ बघून सिल्व्हर नायट्रेट आणून घरी प्रयोग करू नका. कातडी काळी पडते, डोळ्याला इजा होते.

निर्यातीचा प्लॉट असेल तर फवारणीआधी लेबलचा फोटो ग्रुपवर टाका. ज्यांनी आधीच फवारलंय त्यांनी तारीख आणि मात्रा फवारणी वहीत लिहून ठेवा, आणि जिवाणू खताची आळवणी करण्याआधी केंद्रावर विचारा.