रुळांवर रबरी टायर

बस चटकन थांबते. आगगाडी मात्र ब्रेक लावल्यावरही कितीतरी पुढे जाते. वजन हे एक कारण. दुसरं ओट्यावर पाहा: स्टीलची वाटी ढकलली की सरकत जाते, कुकरची रबरी रिंग जागीच अडते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर त्या वाटीसारखंच.

फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने 1929च्या सुमारास स्वतःच्या इंजिनावर धावणाऱ्या प्रवासी डब्याला हवेचे टायर बसवले. टायर रुळावरून उतरू नये म्हणून बाजूला पोलादी कडा दिली. खडखडाट गेला, ब्रेक लवकर लागू लागला. पण रुळाचा माथा अरुंद, म्हणून टायरही अरुंद, आणि अरुंद टायर फार भार पेलत नाही. मग चाकं वाढवा, डबा हलका करा! सगळ्यात गंमतशीर अडचण सिग्नलची. धातूची चाकं दोन रुळांमधली वीज जोडतात, त्यावरून गाडी आल्याचं कळतं. रबरातून वीज जात नाही, म्हणजे सिग्नलच्या लेखी गाडी तिथे नाहीच.

फ्रान्समधल्याच मुलूझ शहरातल्या रेल्वे संग्रहालयात असा एक डबा जपलाय. टायरशेजारची ती पोलादी कडा जवळून बघण्यासाठी तरी मला तिथे जायचंय.