करोनाच्या दुखण्यानंतर हृदय व रक्ताभिसरण

करोना हा केवळ फुप्फुसांचा रोग, अशी समजूत २०२० सालच्या साथीपासून रूढ झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तरी विषाणू नाहीसा झालेला नाही. ताप उतरून खोकला थांबल्यावरही काही रोग्यांना कित्येक आठवडे धडधड, धाप, चक्कर व थकवा जाणवतो. चेहऱ्यावर आजार दिसत नसल्यामुळे अशा मुलास किंवा सहकाऱ्यास आळशी ठरविले जाण्याचा संभव असतो. म्हणून या तक्रारींचे मूळ शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ही कारणे एकाच प्रकारची नसतात. अंथरुणावर पडून राहिल्याने शरीरातील रक्ताचे प्रमाण घटते व स्नायू अशक्त होतात. मग थोड्या श्रमानेही नाडी जलद चालते. हा प्रकार बहुधा हळूहळू बरा होतो. काही रोग्यांत रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा होऊन गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. क्वचित हृदयाच्या स्नायूस सूज येते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, करोना झालेल्या १,५३,७६० व्यक्तींमध्ये हृदयविकाराचे प्रमाण वर्षभर इतरांपेक्षा अधिक आढळले. त्यांत बहुसंख्य प्रौढ पुरुष होते. सबब हा निष्कर्ष लहान मुलांस जसाच्या तसा लावू नये.

आणखी एक कारण नाडीवरून ताडता येते. मनुष्य उभा राहिला म्हणजे अर्धा लिटरहून अधिक रक्त पोट व पायांकडे उतरते. त्या वेळी मज्जातंतू रक्तवाहिन्या आवळून तोल सांभाळतात व नाडी थोडीशीच वाढते. आजारानंतर ही व्यवस्था बिघडली, तर नाडी फार वाढते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

याची प्राथमिक पाहणी साध्या घड्याळाने होऊ शकते. रोग्यास पाच मिनिटे निजवून मनगटावर अंगठ्याच्या बाजूस नाडी एक मिनिट मोजावी. नंतर त्यास उभे करून दहा मिनिटांपर्यंत मधून मधून पुन्हा मोजावी. जवळ कोणीतरी उभे असावे व चक्कर येताच रोग्यास निजवावे. प्रौढांत ३० किंवा अधिक, आणि १२ ते १९ वर्षांच्या मुलांत ४० किंवा अधिक ठोके वाढून तसेच टिकले, तर तो आकडा कागदावर लिहून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे असते. रक्तक्षयातही नाडी जलद चालते.

शाळेत पुढील गोष्टी सहज करता येतील. परिपाठाच्या वेळी अशा मुलास बसू द्यावे. पाणी वारंवार पिऊ द्यावे. कवायत व धावणे एकदम सुरू न करता प्रथम थोडे चालणे ठेवावे. श्रमाच्या दुसऱ्या दिवशी थकवा वाढल्यास श्रम कमी करावेत. ‘सवयीने जमेल’ म्हणून जबरदस्ती करू नये. छातीत दुखत असल्यास किंवा मूल बेशुद्ध पडल्यास डॉक्टरांच्या परवानगीवाचून खेळ बंद ठेवावा.

छातीत दुखणे, स्वस्थ बसूनही धाप लागणे, शुद्ध हरपणे, ओठ निळे पडणे किंवा एकाच पोटरीस सूज येऊन ती दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळपर्यंत वाट न पाहता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. करोनानंतर दोन ते सहा आठवड्यांत मुलास मोठा ताप, पुरळ, लाल डोळे व पोटदुखी झाल्यास तेही तातडीचे समजावे.

पालकांस ही माहिती सांगताना भीती वाढणार नाही, याची काळजी घ्यावी. बहुतेक रोगी पूर्ववत होतात. मात्र त्यास लागणारा वेळ प्रत्येकाचा निराळा असतो. मूल ‘धडधडते’ म्हणाले, तर प्रथम त्याची नाडी पाहावी, मग बोल लावण्याचा विचार करावा. एवढे पथ्य पाळले, तरी पुष्कळ मुलांचा त्रास टळेल.